पॉइंट नऊ

सार्मिएन्तोच्या धावपट्टीवर वारा
कधी सुटीवर जात नाही.
हँगरचं दार दगड लावून अडवलेलं,
आत एलुनेद प्यूचं विमान,
सदुसष्ट सालचं, चार आसनांचं,
मागची दोन काढून टाकलेली:
तिथे मेंढ्यांची औषधं, कुंपणाची तार,
आणि एकदा, एक बाळंतीण.

तक्रार एवढीच, की सुई थरथरते.
अँमीटरची सुई. शून्याच्या उजवीकडे, डावीकडे,
परत उजवीकडे,
खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाच्या ओठासारखी.
मग अर्ध्या तासाने लाल दिवा.
मास्टर बंद करून परत लावला
की पाच मिनिटं शहाण्यासारखं वागतं.
पुन्हा तेच.

"आणि मी तेव्हा तळ्याच्या वर असते," ती म्हणाली,
"परतायला चाळीस मिनिटं,
रेडिओ जगवायचा म्हणून सगळे दिवे मालवून."
हवामान सांगावं तसं सांगितलं तिनं.

मार्चमध्ये मी रेग्युलेटर बदलला.
एप्रिलमध्ये अल्टरनेटर, कोमोदोरोहून ट्रकनं मागवलेला,
पट्टाही नवा, अंगठ्यानं दाबून ताण पाहिला, बरोबर.
मे महिन्यात बॅटरी.
दुखणं मेंढीला, इंजेक्शन कुंपणाला.
दर वेळी तिनं लोकरीच्या पैशांतून नोटा मोजल्या, दोनदा,
आणि दर वेळी बिलाखाली सही माझी:
आउकान अन्तिलेओ, मेकॅनिक.
सुईनं एकही बिल वाचलं नाही.

जूनमध्ये, चारलाच दिवस कलायला लागतो तेव्हा,
मी सुट्या भागांचा कॅटलॉग पालथा घातला
आणि मीटर काढला.
हे मार्चमध्येच करायचं होतं.
माहीत होतं मला.

इंजिन बंद. मास्टर चालू.
काळी पिन इंजिनाच्या अंगाला.
लाल पिन बसबारवर: बारा पॉइंट तीन.
लाल पिन रेग्युलेटरच्या तोंडाशी: अकरा पॉइंट एक.
एक पॉइंट दोन व्होल्ट
वाटेत कुठेतरी सांडत होते.
रेग्युलेटरला वाटे, घर उपाशी आहे,
तो वाढत राही, वाढत राही,
मग ओव्हरव्होल्टेजचा रिले दार लावून घेई.
बिचाऱ्याचं काहीच चुकत नव्हतं.
मी भंगारात टाकलेल्या जुन्याचंही.

डॅशबोर्डखाली उताणा शिरलो,
रडरचं पेडल बरगडीत, टॉर्च दातांत.
ब्रेकरच्या दोन टोकांत: पॉइंट एक.
तारांच्या जोडणीत: पॉइंट दोन.
मग तो लाल स्विच, मास्टरचा, दोन फाकांचा,
ज्याच्यावर कुणी संशय घेत नाही
कारण त्याच्यापासूनच सगळं सुरू होतं.
पॉइंट नऊ.

उघडला.
आतली तांब्याची जीभ काळी, खड्डे पडलेली.
बाहेर प्लास्टिकवर एक खोलगट जागा, बोटाएवढी,
आणि तिच्यातून आडवा गेलेला ओरखडा.
"खड्डा इथेलचा," एलुनेद म्हणाली.
"ओरखडा माझा. अंगठीचा."
तिच्या बोटात अंगठी नव्हती.
माते थंड झाला होता, तिनं किटली परत ठेवली.
स्विच कोटाच्या खिशात गेला,
तो मला नुसता विचारलाही नाही तिनं.

नवा स्विच माझ्याच डब्यात पडून होता,
किंमत, त्या तीन बिलांशेजारी लिहायला
हात धजू नये इतकी.

सकाळी इंजिन. अठराशे आरपीएम.
तेरा पॉइंट नऊ.
रेडिओ लावला, लँडिंग लाइट, पिटो हीट:
तेरा पॉइंट आठ.
सुई शून्याच्या जराशी उजवीकडे
जाऊन बसली,
इतकी निश्चल की एलुनेदनं
काचेवर टिचकी मारली.
थांबली. परत मारली.

मी पंखाशेजारी बिलबुक उघडून उभा,
काय लिहावं ते सुचत नव्हतं,
आणि वारा पानं उलटत होता मागे, मागे,
मार्चपर्यंत.