उजवी पेटी

मे महिना. रिमुस्कीला नदी एवढी रुंद
की तिला नदी म्हणायला जीभ कचरते.
गटाराकडेला अजून काळवंडलेला बर्फ,
आणि गिस्लेन उएलेतने तीनचाकी मोटरसायकल
थेट दुकानाच्या दारात आणून लावली.
पुढे दोन चाकं, मागे एक,
दबा धरून बसलेली बेडकी.

"बॅगा नकोत, पेट्या दाखव. कडक.
कापडी बॅगेला मागच्या वर्षी सायलेन्सरने भोक पाडलं.
तीन स्वेटर अजून धुरकट वास मारतात."

मी एकोणीस वर्षांचा, पाठ केलेलं म्हणून दाखवलं.
ही प्लॅस्टिकची, हलकी, बाजूने उघडते.
"म्हणजे पेट्रोल पंपावर माझे आतले कपडे
गावभर."
ही अ‍ॅल्युमिनियमची, वरून उघडते.
पोचा येतो, तडा जात नाही.
तिने बोटाच्या पेराने वाजवून पाहिली,
कलिंगड घेतात तशी.

मग मी वळणांचं सांगायला लागलो.
दोन चाकांची गाडी कलते, सामानही तिच्याबरोबर कलतं,
ही कलत नाही, हिच्यात सगळं
बाहेरच्या अंगाला लोटलं जातं, म्हणून जड वस्तू तळाला...
"चार वर्षं तशीच वळतेय मी," ती म्हणाली.
"आतून लांबी किती?"
बावन्न.
"तिरकी?"
तिरकी कुणी विचारत नाही. टेप लावली. साठ.

ठेवायचंय काय तुम्हाला?

तिने पँट गुडघ्याच्या वर सरकवली,
कुठलंसं बटण दाबलं
आणि पाय काढून काउंटरवर ठेवला.
बुटासकट. तपकिरी बूट, लेसला दुहेरी गाठ.
"याचा जोडीदार घरी आहे, जादाचा.
केगास्कापर्यंत जायचंय, रस्ता संपतो तिथवर.
तिथे हा मोडला तर दुसरा कुठून आणू?
माप दोघांचं एकच."

आधी प्लॅस्टिकच्या पेटीत घालून पाहिला,
ती चाळीस डॉलरनी स्वस्त होती.
तिरका बसला. टाच कोपऱ्यात. झाकण मिटलं,
खट्.
किल्ली अर्धी फिरली.
मग पुढेही नाही, मागेही नाही.

मालक, लपाज साहेब, जेवायला गेलेले.
मी तेल सोडलं, फुंकर मारली, तारेचा आकडा घातला.
आमच्याकडे शिव्याही चर्चमधल्या भांड्याकुंड्यांच्या असतात,
त्या सगळ्या वापरून झाल्या.

ती आपल्या गाडीवर बसून होती,
रिकामी पँट मांडीखाली दुमडून, माझी कॉफी पीत.
साखर नको म्हणाली.
"तिनेच तर नेला."
मग बराच वेळ काही नाही. बाहेर सीगल.
"मुलगी म्हणते, आता एका जागी बस.
मी म्हटलं, अगं, बसायलाच तर घेतलीय ही."

वीस मिनिटांनी बिजागरीची पिन ठोकून बाहेर काढली.
पाय निघाला. लेसची गाठसुद्धा सैल नव्हती.
तिने त्याच्याकडे पाहिलं,
उशिरा घरी आलेल्या पोराकडे पाहावं तसं,
बोलली काही नाही.

अ‍ॅल्युमिनियमची जोडी घेतली. साधा खटका,
त्यावर स्वतःचं कुलूप, स्वतःची किल्ली, गळ्यातल्या दोरीत.
घासाघीस केली, तीही चांगली.
उजवीत पाय. आणि डावीत?
"रिकामी. येताना बघू."

पैसे मोजले, पाय चढवला,
जमिनीवर दोनदा आपटून
आत पिन बसल्याचा आवाज नीट ऐकला,
आणि मग तिने काढता पाय घेतला.

मोडकी पेटी अजून आमच्या खिडकीत आहे.
कंपनीकडे परत का धाडत नाहीस, लपाज साहेब
दर सोमवारी विचारतात.
धाडतो, म्हणतो मी.