दारातला ठिपका

टाकसाळीत रुबाल्दो अक्षरं उलटी कोरतो.
सुलटी त्याला वाचता येत नाहीत,
त्यामुळे काम सोपं जातं.
लोखंडी ठशावर आधी एक दार :
तीन बुरुज, मध्ये कमान.
हे जेनोवा. नावाचाच अर्थ दार, असं नोटरी सांगतो.
पालथ्या बाजूला क्रूस,
आणि क्रूसाभोवती एका राजाचं नाव.

"कोण हा कोनराड?" त्यानं एकदा विचारलं.
"इकडे यायचाय का?"
नोटरी ओजेरियो पिसाचं टोक तासत होता.
"माझ्या पणजोबाच्या लग्नाआधीच मेला.
इथं आलेला कुणालाच आठवत नाही."
"मग त्याचं नाव कशाला?"
"जिवंत राजा वाटा मागतो,"
ओजेरियो म्हणाला, आणि शाईतली माशी बाहेर काढली.

दर सोमवारी बिझान्यो खोऱ्यातून
मेव्हणा द्रोगो कोंबड्या घेऊन येतो.
वेशीवर पहारेकऱ्याच्या तळव्यात एक देनारो.
दारातून आत यायला
एक दार मोजावं लागतं.
क्रूसाची बाजू कुणी बघत नाही.

मग पिसाशी बिनसलं.
गलबतं हवी होती, वल्ह्यांना माणसं हवी होती,
आणि माणसांना पगार.
एका रात्री मंडळाचे आठ जण आले,
कंदील झाकून.
ग्रंथावर हात ठेवायला लावला : कुठे बोलायचं नाही.
मुशीत चांदीसोबत तांबं पडलं, नेहमीपेक्षा जास्त.
चकत्या द्राक्षाच्या गाळात उकळल्या,
पांढऱ्याशुभ्र निघाल्या, नवरीसारख्या.
"रंग उतरायला महिना लागेल," एक जण म्हणाला,
"तोवर आपण समुद्रात."

माबिलिया सोझिल्याच्या बाजारात
चेस्टनटचं पीठ विकते.
येईल ते नाणं पाटीच्या काळ्या दगडावर टाकते,
मान कलती करून ऐकते.
त्या शनिवारी नवऱ्याचा पगार टाकला.
पुन्हा टाकला.
"हे कुठून आणलंस?"
रुबाल्दो सूप ढवळत राहिला.
"वाजत नाही हे," ती म्हणाली. "थुंकल्यासारखं पडतं."
आणि त्यानं स्वतः कोरलेली बारा दारं
तिनं चिंधीत वेगळी बांधून ठेवली.

शपथ घेताना पुस्तकावर
डावा हात ठेवला होता की उजवा,
रात्रभर त्याला आठवेना.
सकाळी नव्या ठशावर, कमानीच्या आत,
सुईच्या टोकाएवढा एक खड्डा केला.
नाण्यावर तो ठिपका होऊन उमटला.
जणू दारात कुणीतरी उभं आहे,
लांबून, ओळखू न येणारं.

कोण कुणाला बोललं, कळलं नाही.
तिसऱ्या आठवड्यात दोरवाले, खलाशी, मीठवाल्या
सगळे नाणं उजेडात तिरकं धरून
दारात डोकावू लागले.
ठिपका नसला तर बारा.
असला तर तेरा.

सान लोरेन्झोच्या पायऱ्यांवर दवंडी पिटली :
सर्व देनारो समान आहेत,
वेगळं मानील त्याचा हात तोडला जाईल.
हुकूम कोनराडच्या नावानं नव्हता.
शहराच्या नावानं होता.
बाजारानं मान डोलावली, समान म्हटलं,
आणि तेरा मोजले.

ओजेरियो टाकसाळीत आला. एक नाणं खिडकीशी नेलं.
बराच वेळ पाहिलं.
"हा ठिपका जुन्या ठशातही होता, नाही का?"
"मला वाचता येत नाही," रुबाल्दो म्हणाला.
"हो, ते माहीत आहे."
दारापर्यंत जाऊन तो वळला :
"मासळीला सकाळी मीही तेराच दिले."
मागे हातोडा पुन्हा सुरू झाला.

सोमवारी वेशीवर रांग होती.
द्रोगोनं कोंबड्या खाली ठेवल्या, देनारो पुढे केला.
पहारेकऱ्याच्या अंगरख्यावर शहराचा क्रूस,
कमरेला शहराची तलवार.
त्यानं नाणं उन्हात धरलं, एक डोळा मिटला,
दारात डोकावला
आणि म्हणाला,
"आणखी एक."