सोळा खण

गांधीबागेतल्या मॅचिंग सेंटरला अकरा वर्षं काढली मी.
बाई पदर काउंटरवर टाकते,
मी न उठता सांगते: आमसुली, तिसरा कप्पा, वरून दुसरा गठ्ठा.
चिंतामणी की रामा, यात फसलेल्या गिऱ्हाइकाला
दारापाशी नेते, कापड उन्हात धरते.
ट्यूबलाइटवर भरवसा ठेवू नये.

रात्री कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
लॅपटॉप उघडते.
इथे सगळे मिळून सोळा खण.
पहिला न दिसणारा, त्यातून मागची जमीन दिसते.
उरले पंधरा, आणि पंधरात त्यांनी
अख्खं राज्य बसवलंय: नदी, तलवार,
राणीचा झगा, कोंबड्याचा तुरा.
रंगाला नाव नाही. तांबडा किती, हिरवा किती, निळा किती,
शून्य ते एकतीस,
आणि बाईट उलटे लिहायचे, आधी शेपूट, मग डोकं.
नावं मीच टाकली वहीत:
तीन गजरी. पाच पोपटी. नऊ विटकरी.
अकराला सुचलं नाही. ओल्या पोत्याचा रंग.

खेमराज तिसऱ्या पातळीवर मरतो. नेहमी तिथंच.
बर्डीच्या फुटपाथवरून घेतलेला तळहाताएवढा खेळ,
त्यात एकाच घाटाच्या दोन बाटल्या:
तांबडी औषध, हिरवी विष.
तो कुठलीही पितो, नशीब म्हणतो, पुन्हा सुरू करतो.

अजनीच्या रेल्वे दवाखान्यात त्याला
ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं होतं.
डॉक्टर म्हणाले, आकडा सांग.
हा म्हणाला, कोणता आकडा?
तेव्हापासून तो इंजिनाचं नाव काढत नाही,
मी घरी रंगांचं.

विषाच्या बाटलीचं बूच तिरकं करून पाहिलं.
पोटावर फुली काढली;
एवढ्याशा चौकोनात फुली मावत नाही,
मावली तर माशी वाटते.
तीन रात्री माशीच झाली.
फाईल एका बाईटनेही वाढता कामा नये,
आमच्या शेठच्या मीटरसारखी, बोटभर जास्त नाही.

शेवटी पाचव्या खणातला पोपटी काढला,
चिंतामणी भरला.
चालू केलं आणि कपाळाला हात लावला.
खण एक, पांघरणारे किती!
विष निळं, बेडूक निळा,
मुखियाच्या दारचं गवत, वेली, झाडं,
सगळं रान निळं.

मूळ प्रत परत टाकणारच होते,
तेवढ्यात खेमराजनं उष्ट्या हातानं खेळ ओढून घेतला.
विष ओळखलं. ओलांडलं.
मग मधेच थांबला.
"ताई, हे काय आहे वो?"
झाड.
"इथं? पहिल्यापासून?"
पहिल्यापासून.
"मी तं मातीतच अडकून राहिलो होतो.
म्हटलं बटनच खराब आहे."

मी काही बोलले नाही.
कूलरचं पाणी संपून नुसता पंखा खडखडत होता.
चौथ्या पातळीचं दार उघडं होतं,
आणि तो आत न जाता
एकेका झाडाला वळसा घालत
झाडं मोजत होता.