कोड नंबर तीन

महापे, तिसरा मजला. रात्रीचे साडेअकरा.
तिकडे संध्याकाळचे सात, भांडी विसळायची वेळ.
नंबर मशीन लावतं, मी नुसता आवाज लावते:
उद्या मतदान झालं तर
आयर्लंड एक व्हावं, की आहे तसंच राहावं?
एक. दोन.
तीन म्हणजे सांगता येत नाही.

फॉईल नदीकाठचा एकजण आधी मलाच विचारतो,
तुझ्या यादीत आमच्या शहराचं नाव काय लिहिलंय?
मी वाचते.
तो फोन ठेवतो.

फर्मानाच्या शेतकऱ्याचा गोठा या देशात, कुरण त्या.
म्हणतो, गाई रोज जाऊन येतात,
त्यांना लाव फोन.

बाकी बरेचजण झेंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत.
डॉक्टरकडे पैसे पडतील का? पेन्शन कोण देणार?
हे सांग, मग एक की दोन ते सांगतो.
मला सांगायची परवानगी नाही.
स्क्रीनवर लिहिलंय: प्रश्न पुन्हा वाचा.

स्ट्रबॅनच्या मिसेस मॅकलीर, वय एक्याऐंशी.
सकाळी विचारलंस तर हो, म्हणाल्या,
हीटरचं बिल आलं की नाही,
आणि नवऱ्याच्या थडग्यापाशी विचारशील तर
मग नुसता श्वास, मागे किटलीची शिट्टी.
दहा सेकंद थांबायचा नियम आहे,
मी चाळीस मोजले.
तू कुठून बोलतेस गं?
नवी मुंबई, असं सांगायचं ठरलेलं.
मी म्हटलं, तिच्या जवळून.

शिळफाट्यापलीकडे आमचं गाव.
माझ्या पाचवीला महापालिकेत होतं,
पाटी-पुस्तकं बदलली तेव्हा बाहेर,
आता पुन्हा आत घ्या म्हणतंय.
बाबा दोन्ही मोर्चांना गेले.
बॅनरचं कापड तेच,
दुसऱ्यांदा उलट्या बाजूला रंगवलेलं;
उन्हात धरलं की जुनी अक्षरं आरपार दिसायची.
आमच्या घरी असा फोन कधी आला नाही.

चाळीस सेकंदांना कोड नाही.
मी तीन दाबला.

पहाटे रिक्षातून उतरले तर बाबा ओट्यावर,
समोर चार निळे पिंप, झाकणं काढून ठेवलेली.
चपला न काढताच मी म्हटलं,
बाबा, उद्या मतदान झालं तर आपलं गाव
आत जावं, की आहे तसंच...
उद्या टँकर येल का, ता इचार पयलं.
एक पिंप त्यांनी थोडा सरकवला,
उगाच, रिकामाच तर होता.

मी प्रश्न पुन्हा वाचला.