गाळ

टोर्सहाउनमध्ये ऑक्टोबर म्हणजे मेंढ्या कापायचे दिवस.
लॅबच्या काचेला खारं धुकं चिकटलंय.
सेंट्रीफ्यूज मिनिटाला एकतीस हजार गिरक्या घेतोय,
दोन तास,
मग नळीच्या बुडाशी उरेल एवढासा गाळ.
तो निम्म्या वेळा दिसतही नाही,
म्हणून आधीच मार्करने खूण करून ठेवते:
इथे असेल, इथे बघ.

शिकत होते तेव्हा सुरुवात मेंढीच्या रक्तापासून झाली.
तांबडी पेशी वयात येताना
लोह पकडणारे आपले हात
चिमुकल्या थैल्यांत बांधते
आणि उंबऱ्याबाहेर टाकते.
पुष्कळ वर्षं लोक त्याला केर म्हणायचे.
बाबांना सांगितलं तर हसले,
"मेंढी उगाच काही टाकत नाही.
लोकरसुद्धा."

थैल्या भरलेल्या असतात, हे मागाहून कळलं.
प्रथिनं, आरएनएचे तुकडे.
लांबची पेशी त्या गिळते
आणि तिचं वागणंच बदलतं.
कर्करोग तर स्वतः हलायच्या आधी
ह्यांनाच पुढे धाडतो,
हाडात जागा झाडूनपुसून घेतो.
(विमानतळावरच्या मासिकात
ह्याच थैल्या सुरकुत्यांवर विकतात.
पावती मिळते. पुरावा मागू नये.)

आज नमुना सत्तेचाळीस.
लघवी, ऐंशी मिलिलीटर. नाव नाही.
जन्मतारीख मात्र खोडायची राहिली.
त्या तारखेला मी दरवर्षी
रुबार्बचा केक करते.

सुई नको, चिरफाड नको, एक पेला पुरे,
असं पत्रकात मीच लिहिलं होतं.
कुणी वाचेल असं वाटलं नव्हतं.

गाळ धुतला. पुन्हा फिरवला.
आकडा आला तो येग्वानकडे सरकवला,
म्हटलं, तू मोज, माझा हात आज बरा नाही.
त्याने मोजला.
तोच आला.

संध्याकाळी समुद्राखालच्या बोगद्यातून
क्लाक्सविकला गेले.
बाबा मांस वाळवायच्या खोपटात होते,
फळ्यांच्या फटींतून वारा शीळ घालत होता.
"वायव्येचा आहे," म्हणाले, "चांगलं सुकेल."
मी हो म्हटलं.
तंगडी धरून उभी राहिले.
त्यांनी दोरीला गाठ मारली,
दोनदा ओढून पाहिली,
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"दुसरी दे."