गुरुवारी पाणी नाही

अंदमानहून आलो ते बुधवारी रात्री उशिरा,
आणि गुरुवारी आमच्याकडे पाणी नसतं.
धायरीच्या हॉलमध्ये बॅगा तशाच उभ्या,
चाकांत वाळू, चपलांत वाळू,
शर्विलच्या कानामागे अजून थोडी.
आई म्हणते, कपडे भिजवायचे कशात?
पिंपात आहे ते प्यायचं.

अप्पा काही बोलत नाहीत.
अप्पांनी चौतीस वर्षं पुण्याचं पाणी सोडलं.
पहाटे साडेतीनला सायकल, खांद्यावर लोखंडी चावी,
आधी शुक्रवार, मग गंज, मग घोरपडे पेठ.
झाकण उचलायचं, वाकायचं, आटे मोजायचे.
कुठल्या गल्लीला किती आटे, हे मनगटाला पाठ.
एरवी त्यांचं नाव कुणाला ठाऊक नसे,
उशीर झाला की मात्र बरोबर सापडायचं.

असा माणूस अडुसष्टाव्या वर्षी
पहिल्यांदा समुद्रापुढे उभा राहिला,
पँट दोन घड्या वर, हातात स्वतःच्या चपला,
आणि बराच वेळ बघून मला म्हणाला,
"ह्याची चावी कुणाकडे?"

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.
हॉटेलातल्या पोऱ्याला त्यांनी विचारलं,
इथे पाणी किती वाजता सुटतं?
त्याने काय समजून घेतलं कोण जाणे,
म्हणाला, आज साडेदहाला, मग रात्री.
उद्या पाऊण तास उशिरा, परवा आणखी.
"रोज उशीर?" अप्पा म्हणाले.
"आणि तक्रार कुणाचीच नाही?"

आईचं नाव सिंधू.
एकसष्ट वर्षं ते नाव कोरडं होतं.
तुळशीबागेतून घेतलेला राणी रंगाचा ड्रेस,
आयुष्यातला पहिला, ओढणीला चार पिना,
ती चालत गेली आणि सरळ बसलीच पाण्यात,
पंगतीत पाटावर बसावं तशी.
लाट आली की दोन्ही हातांनी बाजूला सारायची,
रेशनच्या रांगेत घुसणारी बाई सारावी तशी,
आणि किनाऱ्याकडे ओरडायची,
अहो या, मीटर नाही!

हर्षद फोटो काढत होता,
शर्विल खेकड्यांच्या बिळात पेल्याने समुद्र ओतत होता,
मी शहाळ्यांचे पैसे द्यायला गेले होते,
म्हणून अप्पा आत कधी शिरले ते कुणीच पाहिलं नाही.
परत आले तर दोघं शेजारी बसलेली, छातीइतक्या पाण्यात,
चपला अजून अप्पांच्या हातात,
पाण्याच्या वर.
काय बोलत होती, मी विचारलं नाही.
सव्वापाचला तिथे अंधार पडतो.
पुण्यात त्या वेळी दुसरा चहा असतो.

विमानतळावर शर्विलचा शंख काढून घेतला,
आणि आईच्या पर्समधला पोवळ्याचा तुकडा,
ज्याबद्दल ती म्हणाली, मला काय माहीत, आपोआप आला.
वाळूचं कुणी काही विचारलं नाही.

तर गुरुवार.
मशीनला लावू नका, जाळी तुंबेल, म्हणाले अप्पा
आणि पिंपातली एक बादली घेऊन बाल्कनीत बसले.
एकाच पाण्यात ड्रेस तीनदा खंगाळला.
पाणी राणी झालं, मग गढूळ, मग खाली
बोटभर बेट दिसायला लागलं.
त्यांनी बादली इतकी हळू कलती केली
की बेट जागचं हललं नाही.
"ही मोरीत सोडायची नाही, लाइन बसते,"
एवढंच म्हणून ते वाळू श्रीखंडाच्या डब्यात भरू लागले,
चमच्याने, मापात.

शुक्रवारी पहाटे मला नळाने उठवलं.
बंद दिवसानंतर आधी हवाच येते,
फसफस, खोकला, थांबून पुन्हा.
ओट्यापाशी अंधारात अप्पा उभे होते,
तोटीखाली तळहात, डोळे घड्याळावर.
"पाऊण तास उशीर," म्हणाले,
आणि चिडले नाहीत.

आतून आईचा आवाज आला,
हात काय धरताय, पातेलं लावा.