लघुलिपी

मी सभागृहाचा लघुलेखक. एकतीस वर्षं
फटी राऊळच्या तोंडामागून माझी पेन्सिल धावली,
आधी पणजीत, मांडवीच्या काठी,
मग पर्वरीच्या टेकडीवर.

कोकणीत फट म्हणजे खोटं.
आधीची दोन पोरं गेली, म्हणून आईनं
मरणाला चकवायला ठेवलेलं नाव.
विरोधक म्हणायचे, नावच सांगतंय सगळं!
मी कंसात लिहायचो : हंशा.

आगरवाड्याच्या मिठागरातला पोर तो.
बाकाखाली चपला काढून बसायचा,
टाचांच्या भेगा पांढऱ्या.
हे कामकाजात येत नाही.

पहिल्याच अधिवेशनात उभा राहिला :
मानशीचं दार कुजलंय,
खारं पाणी खाजनात शिरतं.
मंत्री : विचाराधीन आहे.

पुढं चार पक्ष झाले
(तिसरा का, ते मला अजून कळलेलं नाही),
आणि एकदा, अडीच महिने, तो स्वतःच मंत्री.
तेव्हा मागच्या बाकावरून एका नव्या पोरानं
मानशीचंच विचारलं.
फटी उठला. कागद पाहिला. पुन्हा पाहिला.
विचाराधीन आहे.
कुणी हसलं नाही.
माझ्या लिपीत मानशीला एकच रेघ,
खाली वाकलेली. ती मी दोनदा गिरवली.

परवा गेलो होतो. नव्वद मतांनी पडलेला माणूस
बांधावर अनवाणी,
काखेत फणसाची फळी, तोंडात दोन खिळे.
खिळे न काढताच काहीतरी बोलला.
मला नीट ऐकू आलं नाही.
भरती दोनला होती.